दादरच्या घरातला सिनेमा

मुलांनो, तुमच्यापैकी काहींचे आजी-आजोबा दादरला राहतात. तिथे आज पाय ठेवायला जागा नसते. पण १९१२ साली दादर हे मुंबईच्या उत्तरेचे, समुद्राजवळचे उपनगर होते. नारळाच्या वाड्या, शेते, किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतली दाटी कमी करायचे ठरले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे नवे रस्ते व प्लॉट आखले जाऊ लागले. मोकळी हवा आणि भरपूर ऊन! धुंडिराज गोविंद फाळके यांना तेच हवे होते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असे बरेच उद्योग त्यांनी केले. १९११ च्या सुमारास त्यांनी येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्णही पडद्यावर दिसावेत असे त्यांच्या मनाने घेतले. वय चाळीस, पदरी मुलेबाळे, हाती नोकरी नाही! अतिश्रमाने काही काळ डोळ्यांना दिसेनासे झाले. तरी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

आता भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि ठराविक वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर पाहता पाहता अंकुर फुटून वेल वाढू लागला. आम्हां इंजिनिअर मंडळींना ही युक्ती फार आवडते. धनकोही खूश झाले.

मग दादरच्या घराचा कारखानाच झाला. आमच्या मते खरी कमाल सरस्वतीबाईंची. त्यांनी दागिने दिले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडायचा, आणि रात्री अंधारात फिल्मच्या कडेला भोके पाडायची, ती धुवायची. पुस्तकांत मात्र त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळीच येतात. सिनेमात काम करायला बायका मिळेनात, म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे हॉटेलातले आचारी! रोहिदास झाला घरचाच मुलगा, भालचंद्र.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आपल्या हॉलिवूडमध्ये पहिला स्टुडिओ १९११ साली निघाला होता, म्हणजे दादर फक्त वर्ष-दीड वर्ष मागे!

पुढे फाळके कुटुंब नाशिकला गेले. बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच ते वारले. तेव्हा हाती पैसा फारसा उरला नव्हता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने १९६९ साली सुरू केला. दादर पूर्वेच्या ज्या मेन रोडवर त्यांचे बिऱ्हाड होते, त्याला आज दादासाहेब फाळके रोड म्हणतात. सुट्टीत आजीकडे गेलात की तिथून एक चक्कर मारा आणि पाटी स्वतः वाचा. मराठीतली!