आधी शेतकरी, मग जगज्जेता

मोटारींच्या शर्यतींचं मला कधीच वेड नव्हतं. पण स्कॉटलंडमधल्या चर्नसाइड गावच्या एका थडग्यावर काय कोरलं आहे ते वाचनात आलं आणि मी थबकलो. जिम क्लार्क तिथं आधी शेतकरी आहे, जगज्जेता त्यानंतर!

१९३६ साली जन्मलेला जिम हा चार बहिणींच्या पाठीवरचा एकुलता मुलगा. शेती त्यानंच पाहायची, हे ठरल्यासारखंच. शर्यतींचा नाद आईवडिलांना पसंत नव्हता.

त्या सुमारास इटलीच्या काउंट लुरानींच्या कल्पनेतून फॉर्म्युला ज्युनियर सुरू झालं होतं. होतकरू पोरांसाठी एकाच आसनाची छोटी गाडी; इंजिन मात्र साध्या घरगुती मोटारीचं, फार तर ११०० सीसीचं. खर्च आवाक्यात राहावा, हात तयार व्हावा, हा हेतू. मार्च १९६० मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडला लोटसच्या अशाच गाडीतून जिमनं शर्यत जिंकली आणि जूनमध्ये तो थेट ग्रां प्रीत उतरला! पुढे २५ ग्रां प्री विजय, १९६३ आणि १९६५ ची जगज्जेतेपदं.

७ एप्रिल १९६८. जर्मनीत हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूची, म्हणजे एक पायरी खालची शर्यत होती. जिमची गाडी झाडांवर आदळली. वय अवघं ३२.

आईवडिलांची भीती खरी ठरली. पण मुलाची झेपही तितकीच खरी होती. पोराच्या पायाशी शिडी लावावी की ती काढून घ्यावी? बाप म्हणून मला अजून उत्तर सापडलेलं नाही.