मेरी ॲन बिकरडाइक

मेरी ॲन बिकरडाइक (जन्म : १९ जुलै १८१७, नॉक्स काउंटी, ओहायो, मृत्यू : ८ नोव्हेंबर १९०१, बंकर हिल, कॅन्सस) या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातील जखमी व आजारी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका होत्या. सैनिक त्यांना ‘मदर’ म्हणत. मात्र याच काळात त्यांच्या स्वतःच्या दोन मुलांना आईचा सहवास फारसा लाभला नाही.

पूर्वायुष्य

मेरी ॲन यांचे माहेरचे आडनाव बॉल. बालपणीच आईचे छत्र हरपल्याने त्या आजी-आजोबांकडे व पुढे इतर नातेवाइकांकडे वाढल्या. १८४७ मध्ये रॉबर्ट बिकरडाइक या विधुराशी त्यांचा विवाह झाला. १८५६ मध्ये हे कुटुंब इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग येथे स्थायिक झाले. १८५९ मध्ये पतीचे निधन झाले. धाकटी मुलगीही लहानपणीच दगावली. जेम्स व हायरम या मुलांच्या पालनपोषणासाठी त्या वनौषधींनी उपचार करू लागल्या.

युद्धकार्य

१८६१ मध्ये केरो येथील लष्करी छावणीतून एका डॉक्टरचे पत्र आले व ते गेल्सबर्गच्या चर्चमध्ये वाचून दाखवण्यात आले. (हे केरो इलिनॉयमधील; इजिप्तच्या राजधानीशी त्याचे केवळ नावाचे नाते आहे.) छावणीतील आजाऱ्यांची अवस्था ऐकून गावकऱ्यांनी सुमारे ५०० डॉलरचे साहित्य गोळा केले. ते पोहोचवण्याची जबाबदारी बिकरडाइक यांच्यावर आली. साहित्य देऊन परतायचे होते. त्या तेथेच राहिल्या.

तंबूंमध्ये विषमज्वर व अतिसाराने पछाडलेले तरुण घाणीत पडून होते. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगाने मेलेल्यांची संख्या सुमारे दुप्पट होती. जंतूंविषयीचे ज्ञान वैद्यकात अजून रुजले नव्हते. बिकरडाइक यांनी रुग्णांना आंघोळ घातली, कुजलेल्या गवताचे बिछाने बदलले, कपडे धुऊन घेतले आणि पातळ, ताजे अन्न शिजवले. गृहिणीला सहज सुचणाऱ्या या गोष्टी होत्या. लष्कराला मात्र त्या सुचल्या नव्हत्या.

फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सनच्या लढाईनंतर, चुकून कोणी जिवंत मागे राहू नये म्हणून त्या रात्री कंदील घेऊन रणभूमीवर फिरल्या. त्याच वर्षी सॅनिटरी कमिशन या स्वयंसेवी संस्थेने त्यांना आपल्या प्रतिनिधी नेमले. मेम्फिस येथे रुग्णांना ताजे दूध व अंडी मिळावीत म्हणून त्यांनी उत्तरेत जाऊन गाई व कोंबड्या मिळवल्या. धुलाईच्या कामावर गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्री-पुरुषांना नेमले. १८६३ च्या हिवाळ्यात चॅटानूगाजवळ कडाक्याच्या थंडीत जळण संपले, तेव्हा संरक्षणासाठी रचलेले ओंडके त्यांनी शेकोटीसाठी काढायला लावले. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी त्यांनी घेतली नव्हती.

नियम मोडल्याच्या तक्रारी अर्थातच होत. अशीच एक तक्रार जनरल शर्मन यांच्याकडे गेली, तेव्हा बिकरडाइक यांचा हुद्दा आपल्याहून वरचा असल्याने आपला इलाज नाही, असे सांगून त्यांनी ती निकालात काढल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. एकूण १९ लढायांत त्यांनी सेवा केली. मे १८६५ मध्ये वॉशिंग्टनमधील विजयसंचलनात त्या घोड्यावरून सहभागी झाल्या.

या काळात मुले बराच काळ परक्या घरी राहिली. गौरवपर लेखनात हा तपशील एखाद्या ओळीत उरकला जातो. परंतु चार वर्षे हा लहान मुलांच्या आयुष्यात थोडा काळ नव्हे.

उत्तरायुष्य

युद्धानंतर त्यांनी अनेक माजी सैनिकांच्या कुटुंबांना कॅन्ससमध्ये वसण्यास मदत केली व सलायना येथे खानावळवजा वसतिगृह चालवले. १८७४ च्या टोळधाडीत पिके नष्ट झाल्यावर शेतकऱ्यांसाठी मदत जमवली. काही काळ त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत नोकरी केली. माजी सैनिक व परिचारिकांच्या निवृत्तिवेतनासाठी त्या सतत खटपट करीत. स्वतः त्यांना मात्र दरमहा २५ डॉलर १८८६ मध्ये मंजूर झाले. तोवर युद्ध संपून २१ वर्षे लोटली होती.

अखेरची वर्षे त्यांनी बंकर हिल येथे मुलगा जेम्स याच्याकडे काढली. दुरावलेल्या आईला वार्धक्यात आसरा मिळाला तो असा. गेल्सबर्ग येथे पतीशेजारी त्यांचे दफन झाले. त्याच गावात थिओडोरा किटसन या शिल्पकर्तीने घडवलेले त्यांचे स्मारक १९०६ मध्ये उभे राहिले. जखमी सैनिकाला आधार देऊन पाणी पाजणारी स्त्री त्यात दिसते.