लुई ब्रेल, अथवा शिकणाऱ्याच्या हातचें साधन

आजकाल शाळेच्या वर्गांत नवीं नवीं साधनें येत आहेत. खडू-फळ्याच्या जोडीला भिंतीवरील पांढरा पडदा आला, संगणक आला, तळहातावर मावणारा फोनहि आला. या साधनांनीं मुलें अधिक शिकतील कीं नुसतीं पाहात बसतील, असा प्रश्न पुष्कळ पालक आम्हां शिक्षकांस विचारतात. प्रश्न योग्य आहे. परंतु तो आजचाच आहे असें मात्र नाहीं. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं पॅरिस शहरांतील एका शाळेंत तो उभा राहिला होता, आणि त्याचें उत्तर कोणा पंडितानें नव्हे, तर पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें दिलें. त्या विद्यार्थ्याचें नांव लुई ब्रेल. त्याचें चरित्र तुम्हांस थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

फ्रान्स देशांत पॅरिसच्या पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरांवर कूव्हरे नांवाचें एक खेडें आहे. तेथें सिमों-रने ब्रेल नांवाचा एक जिनगर राहात असे. घोड्यांचीं खोगिरें, लगाम व पट्टे तयार करणें हा त्याचा धंदा. त्याच्या चार अपत्यांपैकीं सर्वांत धाकटा लुई हा ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं जन्मला. मूल तीन वर्षांचें झालें होतें. १८१२ सालीं एके दिवशीं वडिलांच्या कारखान्यांत खेळतां खेळतां त्यानें चामडें टोचण्याची आरी उचलली. वडील करतात तसें आपणहि करावें, ही बाळबुद्धि! आरी निसटली ती डोळ्यांत शिरली. रोगजंतूंचें ज्ञान त्या काळीं वैद्यांसहि नव्हतें. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यांतहि पसरला, आणि पांच वर्षांचा होतो न होतो तोंच लुई पूर्ण आंधळा झाला.

त्या काळच्या आंधळ्या मुलाच्या नशिबीं बहुधा भिक्षापात्र येई. लुईचें भाग्य असें कीं, त्याच्या आईबापांनीं त्याला कोपऱ्यांत बसवून ठेवलें नाहीं. गांवचे धर्मगुरु पालुई यांनीं त्याला जवळ घेऊन शिकविलें. पुढें गांवच्या शाळेचे शिक्षक बेशरे यांनीं त्याला डोळस मुलांबरोबर आपल्या वर्गांत बसूं दिलें. कानांनीं ऐकलेलें तो चटकन् आत्मसात करी. परंतु इतर मुलांनीं पुस्तकें उघडलीं, म्हणजे मात्र त्याला हात बांधून बसावें लागे. ऐकण्यानें जें मिळे तेवढेंच त्याचें. स्वतः वाचण्याची वाट बंदच होती.

ता. १५ फेब्रुवारी १८१९ रोजीं दहा वर्षांचा लुई पॅरिसच्या राजकीय अंध-विद्यालयांत दाखल झाला. हें विद्यालय व्हॅलेंतिन हाउई या दयाळू गृहस्थानें १७८५ सालीं स्थापिलें होतें. आंधळ्यांना वाचावयास शिकवितां येतें हें जगास दाखवून देण्याचें श्रेय या हाउईचें आहे. त्याची युक्ति अशी : नेहमींच्याच रोमन अक्षरांचे मोठे ठसे करावयाचे, त्यांवर ओला कागद दाबावयाचा, आणि कागदावर जीं अक्षरें उठून दिसतील तीं मुलांनीं बोटांनीं चाचपून ओळखावयाचीं. युक्ति चांगली, परंतु तिचे दोष लुईला थोड्याच दिवसांत जाणवले. एकेक अक्षर मोठें असल्यानें पुस्तकें अवजड होत व महागहि पडत. म्हणून शाळेंत तीं अगदीं मोजकीं होतीं. अक्षराची वळणें बोटानें शोधीत जावयाचें म्हणजे वाक्याच्या शेवटाशीं पोंचेपर्यंत त्याचा आरंभ विसरून जावा. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, या पद्धतीनें वाचतां आलें तरी लिहितां येत नसे. जड ठशांवांचून एक ओळहि उमटविणें शक्य नव्हतें.

असें कां झालें बरें? हाउईच्या मनांत कळवळा होता, बुद्धीहि होती. पण हीं अक्षरें योजतांना एका डोळस माणसानें, डोळ्यांना जें परिचित आहे तेंच उठावानें काढलें होतें. ज्या बोटांनीं तीं वाचावयाचीं, त्या बोटांना काय सुलभ आहे हें कोणीं विचारलें नव्हतें.

पुढें १८२१ सालीं शार्ल बार्बिये या लष्करांतील माजी अधिकाऱ्यानें आपली एक नवी लिपि या विद्यालयापुढें ठेविली. तींत अक्षरांऐवजीं कागदावर टोचून उठविलेलीं टिंबें होतीं. दोन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेंत अधिकांत अधिक सहा टिंबें, अशी एकंदर बारा टिंबांची ही रचना होती. टिंब हें बोटाला रेषेपेक्षां लवकर कळतें, हा मोठाच शोध होता. शिवाय साध्या पाटीवर दाभणासारख्या टोंकदार काडीनें तीं टिंबें कोणालाहि उठवितां येत. परंतु या लिपींतहि दोन उणीवा होत्या. एक तर बारा टिंबें बोटाच्या टोंकाखालीं एकदम मावत नसत. दुसरें म्हणजे तींत शब्दांचे केवळ उच्चार लिहितां येत. शुद्धलेखन, विरामचिन्हें, अंक किंवा संगीताचीं चिन्हें यांना जागाच नव्हती.

बारा वर्षांच्या लुईनें या लिपीचा ध्यास घेतला. दिवसा शाळेचा अभ्यास असे. म्हणून रात्रीं, पहांटे, सुटीत घरीं गेल्यावर तो कागद टोचीत बसे. अशीं तीन वर्षें गेलीं. १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्याच्या लिपीचा आराखडा बहुतेक पूर्ण झाला होता. बारा टिंबांच्या जागीं त्यानें सहाच ठेविलीं : तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या रांगा. एवढें चिन्ह बोटाच्या टोंकाखालीं पुरतें येतें व बोट न हलवितां ओळखतां येतें. या सहा टिंबांपासून ६३ निरनिराळीं चिन्हें होतात. त्यांची मांडणीहि मोठी सुबक आहे. पहिलीं दहा अक्षरें वरच्या चार टिंबांतूनच बनतात. त्यांनाच डाव्या रांगेंतील तळचें टिंब जोडलें कीं पुढचीं दहा अक्षरें तयार होतात. पहिल्या दहा अक्षरांपूर्वीं एक ठराविक खूण केली कीं तींच अक्षरें अंक होतात. दहा चिन्हें पाठ करणाऱ्यास पुढील चिन्हांची किल्ली आपोआप मिळते. शिकणाऱ्याचे श्रम शिकणाऱ्यानेंच ओळखले होते, हें यावरून उघड होतें.

१८२९ सालीं शब्द, संगीत व धर्मगीतें टिंबांनीं लिहिण्याच्या या रीतीविषयीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें. मौज अशी कीं, हें पुस्तक हाउईच्या जुन्या उठावाच्या अक्षरांतच छापावें लागलें! त्यांत त्यानें बार्बियेचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. १८३७ सालीं सुधारून काढलेल्या दुसऱ्या आवृत्तींत या लिपीला बहुतांशीं आजचें रूप आलें.

मध्यंतरीं लुई त्याच विद्यालयांत शिक्षक झाला होता. तो उत्तम ऑर्गनवादकहि होता व पॅरिसच्या चर्चमध्यें वाजवीत असे. शिष्यांवर त्याची माया फार. मात्र त्या विद्यालयाची जुनी इमारत ओलसर व कोंदट होती, आणि ऐन पंचविशीच्या सुमारास त्याला क्षयाची बाधा झाली. त्या रोगावर त्या वेळीं औषध नव्हतें.

१८४० सालीं विद्यालयाचे प्रमुख बदलले. नवे प्रमुख द्यूफो यांनीं ब्रेलची लिपि वर्गांतून बंद केली व उठावाच्या अक्षरांचाच एक नवा प्रकार सुरू केला. त्यांची बाजूहि आपण समजून घेतली पाहिजे. टिंबांची लिपि डोळसांना वाचतां येत नाहीं; मग आंधळे व डोळस यांच्यामध्यें भिंत उभी राहील, अशी शंका त्या काळीं पुष्कळांस वाटे. ही शंका ब्रेललाहि ठाऊक होती. म्हणूनच त्यानें १८३९ सालीं आणखी एक रीत प्रसिद्ध केली होती : पुष्कळ बारीक टिंबें जुळवून नेहमींचींच अक्षरें काढावयाचीं, म्हणजे आंधळ्या मुलानें लिहिलेलें पत्र त्याच्या डोळस आईलाहि वाचतां येईल. फूको नांवाच्या त्याच्या अंध मित्रानें या कामासाठीं एक यंत्रहि तयार केलें.

तथापि बंदी आली ती आलीच. पण झालें काय? मुलें चोरून टिंबें टोचूं लागलीं. एकमेकांस चिठ्ठ्या लिहावयाच्या, धडे उतरून घ्यावयाचे, गाण्यांचे सूर टिपून ठेवावयाचे, हें सारें गुपचूप चालूं लागलें. जें साधन खरोखर उपयोगाचें होतें तें शिक्षा सोसूनहि मुलांनीं सोडलें नाहीं. दुय्यम प्रमुख ग्वादे यांनीं हें पाहिलें व त्यांनीं द्यूफो यांचें मन वळविलें. द्यूफो यांचाहि मोठेपणा असा कीं, चूक ध्यानांत येतांच त्यांनीं ती सुधारली. फेब्रुवारी १८४४ मध्यें विद्यालयाच्या नव्या इमारतीच्या समारंभांत जमलेल्या लोकांसमोर मुलांनीं ऐकलेला मजकूर टिंबांनीं लिहून घेतला व तो बोटांनीं वाचून दाखविला. लिपीचा कर्ता तेथें हजर होता.

ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, वयाचीं ४३ वर्षें पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनीं, लुई ब्रेल देवाघरीं गेला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनीं त्याची दखल घेतली नाहीं. पुढें दोनच वर्षांनीं, १८५४ सालीं, फ्रान्समध्यें त्याच्या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली. १८७८ सालीं पॅरिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें तिचा पुरस्कार केला. मृत्यूनंतर १०० वर्षांनीं, १९५२ सालीं, राष्ट्रपुरुषांच्या समाधिमंदिरांत, म्हणजे पांथेऑनमध्यें, त्याचे अवशेष नेण्यांत आले. त्याचे हात मात्र कूव्हरे गांवींच राहिले. त्या गांवकऱ्यांस ते हात आपलेच वाटले यांत नवल तें काय?

हिंदुस्थानांत अंधांची पहिली शाळा मिस अ‍ॅनी शार्प यांनीं १८८७ सालीं अमृतसर येथें काढली. मुंबईंत १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं अशी शाळा सुरू केली. परंतु निरनिराळ्या प्रांतांत टिंबांचे निरनिराळे अर्थ लावले गेल्यामुळें मोठा घोटाळा होई. १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल मान्य झाली, तेव्हां हा घोटाळा मिटला. आज मराठी ‘क’ लिहावयाचा तर डाव्या रांगेंतील वरचें व तळचें अशीं दोन टिंबें टोचतात. ब्रेलनें ‘के’ या रोमन अक्षरासाठीं नेमकीं हींच दोन टिंबें योजलीं होतीं.

आज संगणक अंध मुलांस मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितो, आणि एका यंत्राच्या पट्टीवर बारीक खुंट्या वरखालीं होऊन ब्रेलचीं टिंबें क्षणोक्षणीं नवीं उमटतात. केवळ ऐकल्यानें ऱ्हस्व-दीर्घ कळत नाहीं. गणिताची मांडणी व संगीताचीं चिन्हें बोटाखालींच यावीं लागतात. म्हणून इतकीं यंत्रें आलीं तरी तीं सहा टिंबें गेलीं नाहींत.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. नवें साधन वर्गांत येईल तेव्हां तें किती किंमतीचें आहे, पाहुण्यांना दाखवावयास किती शोभिवंत आहे, हें विचारून भागणार नाहीं. त्याच्या योगानें मुलाला स्वतः वाचतां येतें काय? स्वतः लिहितां येतें काय? कीं तें नुसतें ऐकत व पाहात राहतें? हे प्रश्न विचारावे, आणि उत्तर शिक्षकाच्या खुर्चीवरून न शोधतां मुलाच्या बाकावर बसून शोधावें. आणि मुलांनो, एखादें साधन तुमच्या हातास बसत नसेल तर संकोच न करतां तसें आम्हांस सांगा. आमच्या ध्यानांत न येणारी गोष्ट तुमच्या बोटांस कळलेली असेल.