पांडुरंग सदाशिव खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (मृत्यू : नागपूर, २२ जानेवारी १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, कृषिशास्त्रज्ञ आणि गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या वाणसुधारणेवर मूलभूत काम केले.

जीवन

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्धा येथे झाला. त्यांचे पुढील शिक्षण नागपुरात झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी प्रभावित होऊन ते सशस्त्र क्रांतीकडे वळले व देशाबाहेर पडले. अमेरिकेत लष्करी शिक्षणाबरोबरच त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला आणि इ.स. १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजची पदवी मिळवली. पहिल्या महायुद्धात त्यांनी इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढा दिला. तो अपयशी ठरल्यावर स्वदेशाची वाट बंद झाली. इ.स. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले.

संशोधन

मका हे मेक्सिकोतील मुख्य अन्न. टिओसिंटे हे त्याचे रानटी भावंड. या गवताला अनेक फुटवे व पुष्कळ लहान कणसे येतात, पण दाणे कठीण कवचात असतात. चाऱ्यासाठीही ते उपयोगी पडते. मक्याला मोजकीच, परंतु मोठी कणसे लागतात. दोहोंचा संकर होऊ शकतो. खानखोजे यांनी अशा संकरांचा अभ्यास केला आणि एका ताटावर अनेक कणसे धरणाऱ्या मक्यावर प्रयोग केले. चांगले बियाणे गरीब शेतकऱ्याच्या हाती पोहोचले नाही, तर संशोधन व्यर्थ, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारल्या. चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचे स्नेही होते. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील रिवेरा यांच्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणारी मध्यवर्ती व्यक्ती खानखोजे यांचीच असल्याचे मानले जाते. छायाचित्रकार टिना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली.

पुढे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आले. इ.स. १९७५ मध्ये मक्याच्या अपक्व भ्रूणाच्या ऊतीपासून पूर्ण रोप तयार करण्यात अमेरिकेत यश आले. तेथेही एकच माध्यम वापरून काही वाणांच्या ऊती जोमाने वाढतात, तर काहींच्या वाढत नाहीत, असे दिसून आले. मूळ वाणाची आनुवंशिकता याला मोठ्या प्रमाणात कारणीभूत असते. योग्य वाण निवडण्याचे जे महत्त्व खानखोजे यांच्या शेतातील संकरात होते, ते प्रयोगशाळेतही कायम राहिले.

स्वदेशी पुनरागमन

खानखोजे यांनी बेल्जियन जीन सिंडिक यांच्याशी विवाह केला. सावित्री व माया या त्यांच्या कन्या. स्वातंत्र्यापूर्वी इंग्रज सरकारने त्यांना मायदेशी येण्याची परवानगी दिली नाही. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले व नागपूरला स्थायिक झाले. त्यांच्या आयुष्यातील संशोधनाचा उमेदीचा काळ परक्या भूमीवर गेला. सावित्री साहनी यांनी वडिलांचे चरित्र लिहिले आहे.