कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : बेळगावचे दुकान ते कुंडलचा माळ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. या खेपेस तो मोडून आम्ही ज्ञातीबाहेरील एका उद्योजकाकडे वळत आहो. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळांचा चरितार्थ लहानशा दुकानावर अथवा कारखान्यावर चालतो. भांडवल थोडे, माणसे थोडी आणि वेळ तर त्याहून थोडा. अशा स्थितीत आधी कशाला हात घालावा आणि कोणाला धरून राहावे, या विवंचनेत ज्या घरांतून रात्री दिवा जळत राहतो, त्यांना हे चरित्र परके वाटणार नाही.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावनजीकच्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेत मन रमेना. ओढा चित्रकलेचा आणि यंत्रांचा. १८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध, पण वडीलबंधू रामूअण्णांच्या पाठबळावर, ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही असे निष्पन्न झाले. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. लक्ष्मणरावांनी मात्र रंग सोडले आणि रेघ ठेवली. यंत्रांच्या आराखड्यांचे शिक्षण घेऊन ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. नाही त्याचा शोक न करता आहे ते आधी कामास लावावयाचे, ही त्यांची रीत येथूनच दिसू लागते.

नोकरीत असतानाच १८८८ च्या सुमारास दोघा भावांचे सायकलींचे दुकान बेळगावात सुरू झाले. त्या काळी सायकल हे नवल होते. गिऱ्हाइकाला ती विकून भागत नसे, चालवावयासही शिकवावे लागे. ज्याचा हात धरून, धडपडताना सावरून त्याला शिकविले, त्याचा दुकानाशी जडलेला संबंध पावतीबरोबर संपत नाही, हे आमच्या दुकानदार बंधूंना सांगणे नलगे. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्यास पुढे आणल्याचे पाहून लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास कायमचे आले.

सायकलींत मिळकत होती. परंतु त्यांची दृष्टी शेतकऱ्याच्या अडचणीवर होती. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि नंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. येथे खरी कसोटी लागली. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. नांगर तयार, पण घेणारा नाही. पहिला नांगर खपावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. ज्याने दुकानात न खपणाऱ्या मालाकडे दोन महिने पाहिले आहे, त्यालाच या दोन वर्षांची लांबी कळेल. एरवी हिशेबी माणसाने ते लोखंड मोडीत काढले असते. लक्ष्मणरावांनी मात्र नांगर सुधारावयाचा आणि शेतकऱ्याचे मन वळवावयाचे, हीच दोन कामे अग्रक्रमाने धरली. हा निव्वळ हट्ट होता असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. लहान धंद्यात हट्ट आणि निष्ठा यांतला फरक माल खपल्यानंतरच ठरतो.

जरा स्थिरस्थावर होते न होते तोच बेळगाव नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करावयास सांगितले. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी धावून आले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि आपल्या संस्थानात कारखाना उभारण्यास जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी निवडला तो कुंडल रोड स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा उजाड माळ. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट. जमीन सुपीक असण्यापेक्षा रेल्वे दाराशी असणे कारखान्याला अधिक मोलाचे, हा त्यांचा हिशेब होता. १९१० साली बेळगावची कारागीर मंडळी बायकामुलांनिशी या माळावर आली आणि किर्लोस्करवाडी वसली. चांगल्या गावातले बिऱ्हाड मोडून निवडुंगात राहावयास माणसे केवळ पगारासाठी येत नाहीत.

तेथे त्यांनी माणसांना जवळ कसे केले, हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कारखान्याबरोबर कामगारांची घरे आणि मुलांची शाळा उभी राहिली. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. याहून धाडसाची गोष्ट म्हणजे गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीस नेमले. आपल्या दुकानांतून गल्ल्यावर भाचा बसावा, वखारीवर मेहुणा असावा, ही आपली रीत आहे. ती वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिजोरीची राखण ज्यांच्या हाती देण्यास आपण धजणार नाही, त्यांच्याच भरवशावर एक नवे गाव निर्धास्त झोपले, ही गोष्ट ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत लिहिताना आमची लेखणी क्षणभर अडखळली, हे कबूल केले पाहिजे.

पुढील उत्कर्षाची हकीकत सर्वज्ञात आहे. १९२० साली धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले; कारखाना आणि गिऱ्हाईक यांना जोडण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक या नावाने घरोघर वाचले गेले. नांगरामागून पंप आले, पंपांमागून एंजिने आली, आणि चिरंजीव शंतनुरावांनी व्याप कितीतरी वाढविला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. बेळगावात ज्या रस्त्यावर सायकलींचे दुकान होते तो किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. कुंडल रोड स्थानकाचे जुने नाव गेले. आता तेथे उतरणाऱ्याला फलाटावर किर्लोस्करवाडी अशी पाटी दिसते.