बाजाराचा रस्ता

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे मक्केचे व्यापारी. इ. स. 622 मध्ये हिजरत करून ते मदिनेत आले, तेव्हा घरदार मागे राहिले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केच्या मुहाजिरांचे मदिनेच्या अन्सारांशी बंधुत्वाचे नाते जोडून दिले. अब्दुर्रहमान यांना सअद बिन रबी (रजि.) हे भाऊ लाभले. सअद यांनी निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. बनू कैनुका या यहुदी कबिल्याच्या त्या बाजारात तूप, सुकवलेले दही विकत ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. आलेल्याला जेवू घालणे त्यामानाने सोपे. आपल्या बाजारात बसू देणे अवघड. मदिनेने दोन्ही केले. पुढे अन्सारांनी त्यांना जावईही करून घेतले. मेहर खजुराच्या बीएवढे सोने.

सअद 625 मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झाले. अब्दुर्रहमान मोठे धनिक झाले. एकदा रोजा असताना त्यांच्यापुढे जेवण आले आणि उहुदमध्येच शहीद झालेले मुहाजिर मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. त्यांना कफनही पुरले नव्हते. डोके झाकले की पाय उघडे पडत. अब्दुर्रहमान रडू लागले. जेवण तसेच राहिले.