शाळा सुटल्यानंतरची सोय

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याचे खरे शिक्षण तिथेच सुरू झाले. उशिरा हाती आलेल्या अक्षरांची किंमत त्यांनी जन्मभर ओळखली. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेले विसरायला वेळ लागत नाही. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. तिथे स्त्रियांची आणि मुलांची वेगळी सोय होती. जिथे ग्रंथालय नव्हते, त्या गावांत लाकडी पेट्यांतून पुस्तके जात. १९३९ मध्ये महाराज गेले, तोवर संस्थानात गावोगावी वाचनालये झाली होती.

आपल्या बाईंनी आणि सरांनी आपल्याला वाचायला शिकवले. मेळाव्यानिमित्त शाळेला काय द्यायचे, असा विषय निघाला, तर मित्रमैत्रिणींनो, माझे मत पुस्तकांच्या पेटीला.